झाडाचं पाणी

दसरा उलटला की आमच्या महाडात ऊन असं पडतं, की नुकताच पावसाळा होऊन गेला यावर कुणाचा विश्वास बसू नये. भिंतीवरची पुराची रेघ तेवढी साक्षीला उरते. खेड्यापाड्यांत भात कापणीला आलेलं असतं. एस्टीतून उतरणाऱ्या माणसांच्या कपड्यांना पेंढ्याचा वास असतो, आणि संध्याकाळी वारा पडला की एमआयडीसीकडून तो दुसरा, रसायनांचा ओळखीचा वास येतो. त्या वासात मी सगळी नोकरी काढली, पण तेव्हा तो मला कधी आला नाही. निवृत्त झाल्यापासून येतो.

याच दिवसांत मागच्या खोलीच्या खिडकीतलं झाड माझ्याकडे बघत बसतं. झाड म्हणजे निवडुंगच, पण काटे नसलेला. चपट्या हिरव्या पेराला पेर जोडत वाढतो आणि कुंडीच्या काठावरून खाली लोंबतो. नाताळच्या सुमाराला फुलतो म्हणून ज्या सिस्टरांनी तो दिला त्या त्याला नाताळचा निवडुंग म्हणतात. त्याचं शास्त्र अगदी साधं आहे. ऑक्टोबर लागला की पाणी तोडायचं, संध्याकाळी सहापासून उजाडेपर्यंत त्याच्यावर दिव्याचा उजेड पडू द्यायचा नाही, आणि कळ्या धरल्या की कुंडी जागची हलवायची नाही. उजेडाचं मी सांभाळतो. कुंडी हलवत नाही. पाणी तोडणं मात्र मला जमत नाही. गेल्या वर्षी जमलं नाही, त्याच्या आदल्या वर्षीही नाही, आणि म्हणून दोन वर्षं त्याला फूल नाही.

एकदाच ते फुललं होतं. त्या वर्षी माझी बायको, वनिता, होती.

तिच्या किडन्या गेल्या तेव्हा मला निवृत्त होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिस सेंटरला जाऊन चार तास यंत्राला जोडून पडायचं. तिला द्यायला माझी किडनी मधुमेहामुळे चालेना. आमच्या लेकीची, नीताची, चालली असती. पण तो विषय निघाला की वनिता भिंतीकडे तोंड करून निजायची. "तिच्या पदरात दोन पोरं हायत. परत बोलायचं नाय." संपलं. मग उरलं काय, तर यंत्र, गोळ्या आणि पाणी. म्हणजे पाणी नाही. दिवसाला साडेसातशे मिली, आणि त्यात सकाळचा चहा आला, जेवणातली आमटी आली, गोळी गिळायचा घोटही आला. त्याहून जास्त गेलं तर ते अंगात साठतं, पायावर सूज चढते, छातीत पाणी होतं, हृदयावर ताण येतो.

डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. तिच्या आजारात दुसरीकडे कुठे माझा हात पोचत नव्हता. मोजणं मला येत होतं. औषधांच्या कारखान्यात, लॅबमध्ये, मी जन्मभर तेच केलं. निरोपाच्या दिवशी लॅबमधल्या पोरांनी शाल-नारळाबरोबर थट्टेने मला एक काचेचं मोजपात्र दिलं होतं, अडीचशे मिलीचं. "साहेब, घरी करमणार नाही तुम्हाला," म्हणाले. ते मी माळ्यावरून खाली काढलं, धुतलं आणि स्वयंपाकघरात पेल्यांच्या शेजारी मांडलं. काचेतलं पाणी मध्ये जरासं खोलगट दिसतं. त्या खोलगटाचा तळ डोळ्यांच्या रेषेत आणायचा आणि मग वाचायचं. मी तिचं पाणी असं, गुडघे वाकवून, वाचून द्यायला लागलो.

"आता मी तुमच्या लॅबमधली बाटली," वनिता म्हणायची. "कपाळावर चिठ्ठी लावा, तारीख टाका."

सुरुवातीला आम्ही हसायचो. पण तहान ही काय चीज आहे हे मला त्या वर्षी कळलं, तेही बाहेरून. तिच्या ओठांच्या कडा सोललेल्या असायच्या. तोंडात लवंग धर, लिंबाची फोड चोख, असे सगळे जण सांगायचे, ते सगळं ती करायची. शेजारच्या नळाला पाणी आलं आणि त्यांची कळशी भरायला लागली की ती बोलता बोलता थांबायची. कळशी भरून नळ बंद होईपर्यंत तिचं लक्ष तिकडेच. मी मुद्दाम काहीतरी विषय काढायचो, तर म्हणायची, "थांबा हो जरा, ऐकू द्या." मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

आमचं घर चवदार तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. मार्चमध्ये तळ्यावर माणसं येतात, कुठून कुठून येतात, तेव्हा वनिता दरवर्षी दारात पाण्याचं पिंप भरून ठेवायची. तिच्या आजोबांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं असं तिच्या माहेरी, पोलादपूरकडच्या बौद्धवाडीत, सांगत. त्यामुळे पिंप ही तिची स्वतःची गोष्ट होती, त्यात मी हात घातलेला तिला खपत नसे. आजार सुरू झाल्यावरच्या मार्चमध्ये मी म्हटलं, यंदा राहू दे. ती ऐकते कशाची. खुर्ची टाकून पिंपाशी बसली आणि दिवसभर पेले भरून देत राहिली. लहान पोरांना, म्हाताऱ्यांना, "अजून घे गो, ऊन किती हाय," असा आग्रह करून करून. तिच्या स्वतःच्या वाट्याचं पाणी आत, काचेत, मी मोजून झाकून ठेवलेलं होतं. मी दाराच्या आत उभा राहून तिच्या हाताकडे बघत होतो. ती एखादा पेला तोंडाला लावते की काय याच्यावर माझं लक्ष होतं. असा पहारा मी त्या दिवशी, त्या वाटेवर, आमच्याच दारात दिला. तिने एक थेंब घेतला नाही. संध्याकाळी उरलेलं पाणी तिने तुळशीत ओतलं आणि हात पदराला न पुसता तसेच ओले गालांना लावले.

मग पावसाळा आला. महाडात पावसाळ्यात पाणी नको म्हणून माणसं सामान घेऊन वरच्या मजल्यावर जातात. पन्हाळीतून धो धो धार पडतेय, अंगणाचं तळं झालंय, आणि माझी बायको खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून तळवा भिजवतेय, भिजलेली बोटं ओठांवरून फिरवतेय. तेवढं पाणी मोजात धरायचं की नाही, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, एवढं खरं.

त्याच पावसात फिलोमिना सिस्टरांनी ते झाड दिलं. सिस्टर वसईच्या, सेंटरमध्ये नर्स. वनिताच्या हातात सुई टोचायची ती त्यांनीच, दुसऱ्या कुणाच्या हातून ती टोचून घेत नसे. त्या खोली बदलत होत्या आणि नव्या खोलीला खिडकी नव्हती. "दोन वर्षं झाली वनिताताई, फुलायचं नाव नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या ड्यूटीच्या पाळ्यांमुळे दिवा कधी लागतो, कधी विझतो. याला सलग अंधार लागतो. आईकडे वसईला एवढं मोठं आहे, नाताळला पानं दिसत नाहीत फुलांपुढे. पाणी मात्र बेताने हं."

"म्हणजे आमच्यातलंच हाय," वनिता म्हणाली. सिस्टरांना हसावं की नाही ते कळेना.

निवडुंग म्हटल्यावर मी माझं ज्ञान चालवलं. वाळू घातली, गच्चीवर उन्हाच्या उघडिपीत ठेवलं. आठ दिवसांत पेरं तांबूस झाली आणि त्यांना सुरकुत्या पडल्या. वनिता जिना चढू शकत नव्हती. तिने कुंडी खाली आणायला लावली, मांडीवर घेतली आणि एक पेर बोटांत धरून बराच वेळ निरखलं.

"हे भुईतलं नाय," ती म्हणाली. "आमच्याकडं जांभळीच्या बेचक्यात असली पेरापेराची झाडं वाढतात. वरचा पाला कुजतो तेवढीच त्यांची माती. तुम्ही निवडुंग म्हणून त्याला वाळूत घातलंत, जीव जाईल त्याचा."

नंतर मी मोबाइलवर पाहिलं. तिचंच बरोबर होतं. दूरच्या कुठल्याशा डोंगरी जंगलात हे झाडांच्या फांद्यांवर वाढतं, सावलीत, दमट हवेत. भेटायला आलेल्या नीताकडून तिने नारळाची सोडणं, ती वरची काथ्याची सालं, बारीक कापून घेतली, त्यात कुजका पाला मिसळला, आणि झाड मागच्या खोलीच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवलं. त्याच खोलीत तिची कॉट होती. ट्यूबलाइटने तिचे डोळे दुखायचे, म्हणून त्या खोलीत संध्याकाळनंतर दिवा लावतच नसू. अशा रीतीने झाडाला त्याचा अंधारही आपोआप मिळाला.

"त्याचं पाणी मी घालणार," ती म्हणाली. "मला तेवढं तरी करू द्या."

मी म्हटलं, बरं. पण मोजून. रविवारी आणि गुरुवारी, सकाळी बाजारात जायच्या आधी, मी दोनशे मिली मोजून स्टीलच्या पेल्यात ओतायचो आणि पेला खिडकीत कुंडीशेजारी ठेवायचो. सोडणांत पाणी थांबत नाही, तेव्हा दोनशे, असा माझा अंदाज. परत येईपर्यंत पेला रिकामा आणि पालथा असायचा. तिला हे काम मिळाल्याचा मला आनंद झाला होता. झाडाशी ती बोलायचीही. "काय गो, झालं का पोट भरून?" असं मी एकदा स्वयंपाकघरातून ऐकलं.

ऑक्टोबरच्या शेवटापासून तिचं वजन चुकायला लागलं. सेंटरमध्ये यंत्राला जोडण्याआधी वजन करतात. मधल्या दिवसांत किती पाणी साठलं ते त्यावरून कळतं. मी घरी लिहून ठेवलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत दर वेळी दोनशे-अडीचशे ग्रॅमची तफावत. "एवढं चालतं दादा," सिस्टर म्हणायच्या. पण मला चालेना. कारखान्यात जे आत गेलं आणि जे बाहेर आलं ते जुळलं पाहिजे, नाही जुळलं तर कुठेतरी गळती आहे, हे मी पोरांना शिकवलेलं. मी आमटी मोजली. पपईची फोड मोजली. फ्रिजमधल्या बाटल्या काढून टाकल्या. न्हाणीघरातला तांब्यासुद्धा उचलून बाहेर ठेवला. आणि एका शुक्रवारी, काट्यापाशी, चार लोकांच्या देखत मी तिला म्हणालो, "खरं सांग, कुठे पाणी पितेस?"

"नाय प्याले."

"काटा खोटं बोलत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. जाऊन पलंगावर झोपली, हात पुढे केला. परतताना रिक्षात ती बाहेर बघत होती आणि मी समोर, रिक्षावाल्याच्या मानेकडे. ते वाक्य मी परत घेतलं नाही. घेता आलं असतं, तीन महिने होते माझ्याकडे.

डिसेंबर लागला, सकाळी अंगावर घ्यावंसं वाटायला लागलं, आणि वनिताने मला हाक मारली. पेरांच्या टोकांना तांदळाच्या दाण्याएवढ्या लालसर कळ्या होत्या. त्या रविवारी नीता पनवेलहून वीर स्टेशनला उतरून रिक्षाने आली. आत येताच तिने बोट करून विचारलं, "आई, ह्याच का गो कळ्या?"

"बोट वाकव, बोट वाकव!" वनिता एवढ्या मोठ्याने ओरडली की तिला दम लागला. "सरळ बोट दाखवलं की कोवळं गळतं. काकडीला तरी दाखवतेस का?"

नीताने हसत बोट मुडपलं. मी म्हणालो, कळी बोटाने गळत नाही, कुंडी फिरवली तर गळते. वनिता म्हणाली, "तुम्ही फिरवू नका, ती दाखवणार नाय, म्हणजे झालं." नंतर कळ्या मोजताना मीही बोट वाकवूनच मोजलं. सात होत्या. एकही गळली नाही.

सिस्टर नाताळसाठी वसईला जायला निघाल्या तेव्हा गाडीच्या आधी आमच्याकडे डोकावल्या. गुरुवार होता. सातही फुलं उमललेली होती, भडक राणी रंगाची, एकातून दुसरं निघाल्यासारखी, आणि खिडकीतलं सकाळचं ऊन त्यांच्यातून आरपार दिसत होतं. सिस्टर टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या.

"ऑक्टोबरपासून पाणी तोडलंत ना? मी सांगायला विसरले होते."

"नाही," मी म्हणालो. "आठवड्यातून दोनदा, दोनशे मिली. आजही घातलं."

"छे! मग नसतं फुललं. याला तहान लागल्याशिवाय कळी धरत नाही, दादा. माझी आई तर दोन महिने बघायचीसुद्धा नाही त्याच्याकडे."

वनिता चादरीची दशी ओढत होती.

सिस्टरांना रिक्षात बसवून मी आत आलो. वनिता डोळे मिटून पडली होती, झोपली नव्हती. पेला खिडकीत पालथा होता. मी कुंडीतल्या सोडणांत बोट खुपसलं, पार आत, बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत. कोरडं ठणठणीत. त्याच क्षणी माझे सगळे आकडे जुळले. ऑक्टोबरपासूनचा प्रत्येक मंगळवार, प्रत्येक शुक्रवार.

मला राग आला नाही. यावं असं वाटत होतं, म्हणजे काहीतरी करता आलं असतं. मी तिथेच कॉटच्या कडेवर बसलो आणि मला नुसतं रडू येत राहिलं, आवाज न होऊ देता. घरात नळ होता. मी बाजारात गेलो की ती न्हाणीघरापर्यंत चालत जाऊ शकत होती. ती गेली नव्हती. माझ्या हातून मोजून आलेलं, दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं, तेवढंच तिने घेतलं होतं. आणि तेही आठवड्यातून दोनदा.

काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. पेला बंद करायचा, नाहीतर तिच्या साडेसातशेतून तेवढं वजा करायचं, नाहीतर डॉक्टरांना सांगायचं. मी यांतलं काही केलं नाही. रविवार आला, मी दोनशे मिली मोजलं, पेला कुंडीशेजारी ठेवला आणि बाजाराची पिशवी घेतली. पण बाजारात गेलो नाही. बाहेर ओट्यावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने पेला खिडकीच्या फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग उठलो.

जानेवारीत एका गुरुवारी मी विसरलो. पिशवी घेऊन दारापर्यंत गेलो तेव्हा ती आतून म्हणाली, "अहो, आज झाडाचं पाणी राहिलं." मी परत फिरलो. पेला ठेवताना आमची नजरानजर झाली. तिला कळलं होतं की मला कळलं आहे. आम्ही दोघं झाडाकडे बघायला लागलो. फुलं तोवर गळून गेली होती, वाळलेले दोन देठ तेवढे राहिले होते.

"थोडं त्यालाही घाल," मी म्हणालो.

"घालते की," ती म्हणाली.

फेब्रुवारीत एका सकाळी चहाचा कप हातात असताना तिचं हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतंच. मी त्यांना दोनशे मिलीचं विचारलं. ते म्हणाले, तेवढ्याने काही होत नाही. किती आठवडे, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या पाण्याने तिला सुख दिलं की तिचे दिवस कमी केले, हे मला कुठल्याही भांड्यात मोजता येणार नाही. कधी वाटतं, मी तिचा जीव घेतला. कधी वाटतं, आणखी का नाही दिलं. एकाच दिवसात दोन्ही वाटतं.

त्या मार्चमध्ये पिंप मी भरून ठेवलं. "मावशी कुठंय?" असं दरवर्षी येणाऱ्या एका बाईंनी विचारलं. मी त्यांना आणखी एक पेला भरून दिला.

परवा फिलोमिना सिस्टर येऊन गेल्या. झाड आता कुंडीच्या दुप्पट पसरलंय, पेरं जाड, हिरवीगार, तकतकीत. त्यांनी एक पेर चेपून पाहिलं आणि मान हलवली.

"फार लाड करता तुम्ही, दादा. आता दोन महिने जरा तहानू द्या त्याला. बघा, यंदा भरभरून फुलेल."

मी हो म्हणालो. त्या गेल्या. गुरुवार होता. मी मोजपात्र घेतलं, नळाखाली धरलं, सवयीने गुडघे वाकवून दोनशेच्या रेघेवर डोळा लावला. मग उभा राहिलो आणि पाणी रेघेवरून वर जाऊ दिलं, काठापर्यंत. खिडकीशी जाऊन ते सगळं कुंडीत ओतलं. सोडणांतून पाणी बशीत उतरलं, बशी भरली, खिडकीच्या फरशीवरून ओघळ तिच्या रिकाम्या कॉटवर ठिबकायला लागला, आणि मी दुसऱ्यांदा भरून आणायला आत गेलो.